रशियन ‘क्रिशा’ इंग्रजीत नेताना: नवख्या अनुवादकांसाठी पायरी-पायरीने

रशियन शिकलेल्या मराठी माणसाच्या हाती पैशाचं पहिलं काम येतं ते बहुतेक रशियनमधून इंग्रजीत नेण्याचं. औषधांचे कागद, यंत्रांची माहितीपत्रकं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, एखाद्या दाव्यातले जबाब. माहितीपत्रक कसंही निभावतं. कात्रण किंवा जबाब आला की एखादा अगदी साधा शब्द आडवा येतो. पहिल्याच वर्षी घराच्या धड्यात शिकलेला शब्द असतो, आणि समोरच्या वाक्याचा घराशी काडीचाही संबंध नसतो.

असा एकच शब्द घेऊन मी पूर्ण पद्धत दाखवणार आहे: ‘क्रिशा’. मूळ अर्थ छप्पर. लाक्षणिक अर्थ निदान तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांना जाणारे: डोकं, संरक्षण देणारा माणूस, हेराचं वरकरणी पद. इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो. चुकीचा पडला तर वाक्य व्याकरणाने बिनचूक राहतं आणि अर्थाने साफ खोटं होतं. वाचणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही, म्हणून ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते.

रशियन शब्द इथे उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. ‘क्रि’मधला स्वर आपल्या ‘इ’पेक्षा जीभ मागे ओढून काढायचा असतो. कोशात शोधताना अर्थातच रशियन लिपीतलं स्पेलिंग वापरा.

हाताशी काय हवं

- एक रशियन-रशियन कोश. ओझेगोव्ह यांचा एकखंडी कोश १९४९ पासून निघतोय, सुरुवातीला तो पुरतो. कुझ्नेत्सोव्ह यांचा १९९८ चा मोठा कोश जास्त कामाचा. ग्रामोता या संकेतस्थळावर त्यात फुकट शोधता येतं.
- एक रशियन-इंग्रजी कोश. ऑक्सफर्डचा असला तर उत्तम, पण अलीकडची आवृत्ती घ्या.
- मल्टीट्रान, म्हणजे इंटरनेटवरचा बहुभाषी कोश. रशियन अनुवादक दिवसभर हाच उघडा ठेवतात. विषयवार अर्थ मिळतात, मात्र बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच घातलेल्या असतात. इथून शब्द सुचवून घ्यावा, निर्णय घेऊ नये.
- रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे खऱ्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह. २००४ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. शब्दाचं मूळ रूप दिलं की सगळ्या विभक्तींतली खरी वाक्यं, सालासकट, समोर येतात.
- अख्खा मजकूर. ग्राहक नुसता परिच्छेद पाठवत असेल तर पूर्ण फाइल मागून घ्या. संकोच करू नका, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.
- हे इंग्रजी कोण वाचणार आणि कशासाठी, याचं ग्राहकाकडून एका ओळीत उत्तर.
- जमलं तर रशियन मातृभाषा असलेली एक ओळखीची व्यक्ती, शक्यतो १९९० च्या दशकात कळत्या वयाची असलेली. कारण चौथ्या पायरीत येईल.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईत विद्यापीठाच्या रशियन विभागात शिकत असाल तर यातल्या बऱ्याच गोष्टी, आणि विचारायला माणसंही, तिथेच मिळतील.

१. आधी शाब्दिक अर्थ पक्का करा

लाक्षणिक अर्थाच्या मागे धावण्याआधी शब्द मूळचा काय आहे ते नीट बघा. ‘क्रीत्’ म्हणजे झाकणं, शाकारणं, त्यातून ‘क्रिशा’. याच कुळातले ‘क्रोव’ म्हणजे आसरा (जरा काव्यात्म), ‘क्रोव्ल्या’ म्हणजे छपराचं आच्छादन, आणि ‘पक्रोवितेल्स्त्वो’ म्हणजे पाठराखण. शेवटचा शब्द लक्षात ठेवा, कायद्याच्या कागदात तो पुन्हा भेटेल.

शाब्दिक अर्थातही बारकावे आहेत. घराची ‘क्रिशा’, मोटारीची ‘क्रिशा’, दोन्हींना इंग्रजीत ‘रूफ’ चालतं. पामीरच्या पठाराला रशियनमध्ये ‘क्रिशा मीरा’, जगाचं छप्पर, म्हणतात. इंग्रजीतही ‘रूफ ऑफ द वर्ल्ड’ रूढ आहे. पण खाणीच्या मजकुरात कोळशाच्या थरावरच्या खडकाला इंग्रजी ‘रूफ’ म्हणतं आणि रशियन ‘क्रोव्ल्या’, ‘क्रिशा’ नाही. इमारतीच्या निविदांमध्येही पत्रे-डांबराचं काम ‘क्रोव्ल्या’खाली येतं, त्याला इंग्रजीत ‘रूफिंग’ म्हणा.

दोन वाक्प्रचार तिन्ही भाषांत हुबेहूब जुळतात. ‘क्रिशा नद् गलवोय’ म्हणजे डोक्यावर छप्पर, आणि ‘पद अदनोय क्रिशेय’ म्हणजे एकाच छपराखाली. इंग्रजीत दोन्ही तसेच आहेत. नवखा माणूस इथेच गाफील होतो: दोनदा सरळ जुळलं म्हणून तिसऱ्यांदाही जुळेल असं धरून चालतो.

आणि ‘क्रिश्का’ वेगळा शब्द आहे. अर्थ झाकण. ‘नाम क्रिश्का’ म्हणजे ‘आपला खेळ खलास’. घाईत मधला ‘क’ नजरेतून सुटतो आणि छप्पर अवतरतं.

२. कोशातल्या खुणा वाचा

रशियन कोशांत अर्थाच्या आधी तिरप्या अक्षरांत छोटी संक्षेपं असतात. बरेच जण ती ओलांडून थेट अर्थावर उडी मारतात. तसं करू नका.

‘पेरेन.’ म्हणजे लाक्षणिक. ‘राझग.’ म्हणजे बोलीतलं, घरगुती. ‘प्रोस्त.’ म्हणजे त्याहून गावरान. ‘झार्ग.’ म्हणजे विशिष्ट गटाची परिभाषा: गुन्हेगार, सैनिक, विद्यार्थी. ‘उस्तार.’ म्हणजे जुनं झालेलं. ‘स्पेत्स.’ म्हणजे तांत्रिक.

खूण अर्थ सांगते त्यापेक्षा तुमच्या इंग्रजी शब्दाची पातळी सांगते. ‘झार्ग.’ खुणेचा शब्द बाजारातल्या गुंडाच्या तोंडी असेल आणि तुम्ही त्याला ‘पेट्रनेज’ दिलंत, तर तो माणूस एकदम विद्यापीठातला प्राध्यापक वाटू लागतो.

३. शब्दाचा शेजार तपासा

माझ्या मते सगळं काम इथे होतं. शब्द एकटा पाहून ठरवू नका. त्याची विभक्ती कोणती, क्रियापद कोणतं, माणूस वाक्यात कुठे बसलाय, हे तीन प्रश्न विचारले की दहापैकी आठ वेळा अर्थ आपोआप सुटतो.

*डोक्याचा अर्थ.* ‘उ न्येवो क्रिशा पयेखला.’ शब्दशः ‘त्याचं छप्पर निघालं’, मतलब त्याचं डोकं फिरलं. ‘उ’ आणि माणूस षष्ठीत, आणि ‘क्रिशा’ला जाण्याचं क्रियापद. ही जोडी दिसली की छप्पर विसरा. इंग्रजीत ‘ही हॅज लॉस्ट इट’ किंवा ‘ही हॅज लॉस्ट हिज माइंड’. क्रियापदाचं रूपही बघा. ‘पयेखला’ म्हणजे झालं, गेलं. ‘क्रिशा येदेत’ म्हणजे अजून चाललंय; तिथे ‘आय अ‍ॅम गोइंग आउट ऑफ माय माइंड’ बरोबर. थकलेला माणूस स्वतःबद्दल बहुतेक दुसरं म्हणतो, दुसऱ्याबद्दल पहिलं.

आता ‘क्रिशु स्न्येस्लो’ घ्या. शब्दशः ‘छप्पर उडवून नेलं’. कर्ता नाही, क्रियापद नपुंसकलिंगी, छप्पर द्वितीयेत. ‘वेत्रम’, म्हणजे वाऱ्याने, असा शब्द सोबत असेल तर बातमी वादळाची आहे. माणूस चतुर्थीत असेल, ‘येमू क्रिशु स्न्येस्लो’, तर बातमी त्या माणसाच्या डोक्याची. एका विभक्तीचा फरक, आणि हवामानाच्या बातमीचा स्वभावाचा शेरा होतो. गाणं, प्रेम, पहिला पगार असल्या संदर्भात हाच प्रयोग कौतुकाचाही असतो. तिथे ‘इट ब्ल्यू माय माइंड’ जमतं.

इथे इंग्रजीकडचा खड्डा आहे. ‘रूफ’ ठेवून भाषांतर केलंत तर ते निरर्थक राहत नाही, भलताच अर्थ देतं. ‘हिट द रूफ’ म्हणजे संतापणं. ‘गो थ्रू द रूफ’ म्हणजे भाव गगनाला भिडणं किंवा पुन्हा संतापच. ‘ब्लो द रूफ ऑफ’ म्हणजे मैफल गाजवणं. रशियन माणूस वेडा झाला, तुमच्या इंग्रजीत तो चिडला किंवा टाळ्या घेऊन गेला.

*संरक्षणाचा अर्थ.* ‘क्तो त्वाया क्रिशा?’ ‘तुझं छप्पर कोण?’ प्रश्न ‘काय’ नसून ‘कोण’ आहे, एवढ्यावरच निकाल लागतो. पैसे देण्याचं क्रियापद आणि ‘क्रिशा’ चतुर्थीत, म्हणजे ‘छपराला’ पैसे दिले, तरी तेच. महापालिकेत, पोलिसात, मंत्रालयात ‘क्रिशा’ आहे, असं म्हटलं तरी तेच.

‘क्रिशा’ बोलू लागली की तर शंकाच नको. ‘क्रिशा स्कझाला’ म्हणजे ‘छपराने सांगितलं’: पैसे वाढवा, दुकान बंद ठेवा, अमक्याशी बोलू नका. मराठी अनुवादकासाठी एक खास सूचना. ‘क्रिशा’ स्त्रीलिंगी, म्हणून रशियनमध्ये क्रियापदही स्त्रीलिंगी येतं आणि पुढच्या वाक्यात सर्वनाम ‘अना’, म्हणजे ‘ती’. आपल्या भाषेतही वस्तूंना लिंग असल्यामुळे डोळ्याला ते खटकत नाही, आणि हात सरळ ‘शी सेड’ लिहून जातो. इंग्रजी वाचक मग एका टोळीप्रमुख बाईची कल्पना करतो. एकच माणूस आहे हे मजकुरातून कळत असेल तर ‘ही’, नाहीतर ‘दे’. बहुतेक वेळा ‘दे’च बरं.

*हेराचा अर्थ.* ‘पद क्रिशेय पसोल्स्त्वा’, दूतावासाच्या छपराखाली. तिथे कुणी नुसतं काम करत असेल तर रशियन माणूस ‘दूतावासात काम करतो’ एवढंच म्हणेल. ‘छपराखाली’ म्हटलं की तो वरकरणी सचिव आणि आतून गुप्तचर. इंग्रजीत ‘अंडर एम्बसी कव्हर’. इथे ‘प्रोटेक्शन’ टाकलंत तर दूतावासाने त्याला वाचवलं असा अर्थ होईल.

*खरोखर दुहेरी वाक्य.* ‘ओसेन्यू ओन पमिन्याल क्रिशु.’ ‘शरदात त्याने छप्पर बदललं.’ बाजारात गाळा असलेल्या माणसाबद्दल असं वाक्य एकटं आलं तर व्याकरण काहीच मदत करत नाही. पत्रे बदलले की ज्यांना पैसे देतो ते लोक बदलले? दोन्ही शक्य. मागचे-पुढचे परिच्छेद वाचा. खर्च, मजूर, पाऊस यांचा उल्लेख असेल तर पत्रे. ‘स्त्रेल्का’ (मूळ अर्थ छोटा बाण किंवा घड्याळाचा काटा, इथे टोळ्यांची ठरवून झालेली भेट) किंवा ‘राझबोर्का’ (मूळ अर्थ सुटे भाग करणं, इथे हिशेब चुकता करण्याची मारामारी) असे शब्द आसपास असतील तर माणसं बदलली. असे शब्द कळपाने फिरतात. एक सापडला की बाकीचेही शोधा.

४. मजकुराचं साल बघा

लाक्षणिक अर्थांना जन्मसाल असतं. सोव्हिएत युनियनमध्ये १९८८ च्या मे महिन्यात सहकारी संस्थांचा कायदा आला आणि लोकांना छोटे खाजगी धंदे उघडपणे करता येऊ लागले. पाठोपाठ वसुली करणाऱ्या टोळ्या आल्या. धंदेवाल्याला करार पाळून घ्यायला, बुडीत पैसे काढायला न्यायालय पुरेसं पडत नव्हतं. ते काम टोळी करून देई आणि त्याचा मोबदला घेई. १९९१ मध्ये देशच राहिला नाही. १९९२ च्या मार्चमध्ये रशियाने खाजगी सुरक्षा संस्थांना कायद्याने परवानगी दिली, आणि ‘छप्पर’ देण्याचा धंदा परवान्याच्या पाटीखालीही चालू लागला. पुढे पोलिस आणि सुरक्षा यंत्रणांतल्या लोकांनी हे काम हाती घेतलं. त्यांच्या छपराला ‘क्रास्नाया’, म्हणजे लाल, म्हणत.

म्हणून मजकूर १९६० च्या दशकातला असेल आणि तुम्हाला त्यात खंडणीखोर ‘क्रिशा’ दिसत असेल, तर पुन्हा वाचा. उलट मजकूर १९९५ चा आणि तुमचा कोश सोव्हिएत काळातला, तर कोशात अर्थ सापडणारच नाही. आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मॉस्कोत छापलेले जाडजूड रशियन-इंग्रजी कोश अजून स्वस्तात मिळतात. व्याकरणाला आणि अभिजात साहित्याला ते उत्तम आहेत, मी कुणालाही घ्यायलाच सांगेन. फक्त अशा शब्दांना त्यांच्यावर विसंबू नका. कॉर्पसमध्ये साल लावून शोधा: आधी १९८५ पर्यंत, मग १९९० नंतर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की अर्थ कुठे फुटला ते डोळ्यांना दिसतं. त्या काळात कळत्या वयाचा असलेला रशियन माणूस इथेच उपयोगी पडतो. स्वर कडवट आहे, भीतीचा आहे की फुशारकीचा, ते तो लगेच सांगतो.

यातूनच क्रियापदही तयार झालं, ‘क्रिशेवात्’: छप्पर देणं. आजच्या बातम्यांत नामापेक्षा हे क्रियापद आणि त्याचं नाम ‘क्रिशेवानिये’ जास्त भेटतं, आणि कर्ता बहुधा सरकारी माणूस असतो. २०११ मध्ये मॉस्को प्रदेशातल्या बेकायदा जुगारअड्ड्यांचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारी वकिलांवरच्या आरोपासाठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला होता.

५. मजकूर कोणत्या जातीचा, त्यावरून इंग्रजी शब्द

अर्थ कळला म्हणजे शब्द मिळाला असं नाही. संरक्षणाच्या अर्थासाठी इंग्रजीत एकच नेमका शब्द नाही. ‘प्रोटेक्शन’ सगळ्यात जवळचा, पण तो कृतीचं किंवा पैशाचं नाव आहे. रशियन ‘क्रिशा’ माणसाचं, टोळीचं किंवा खात्याचंही नाव आहे. म्हणून बऱ्याचदा वाक्य फिरवावं लागतं.

टोळीच्या संवादात छोटं आणि रोकठोक ठेवा. ‘क्तो त्वाया क्रिशा?’ला ‘हू डू यू पे?’ किंवा ‘हू इज बिहाइंड यू?’ यातला कोणता, ते बोलणाऱ्याला काय हवंय त्यावर. पैसे काढायचे असतील तर पहिला, ताकद अजमावायची असेल तर दुसरा.

बातमीत ‘प्रोटेक्शन रॅकेट’ चालतं, पण फक्त वसुली असेल तिथे. अधिकारी पैसे घेऊन डोळेझाक करत असेल तर ‘प्रोव्हायडिंग प्रोटेक्शन टू’ पुरे. ‘रॅकेट’ शब्दाने धमकी सूचित होते. मूळात ती नसेल तर तुम्ही आरोप वाढवून ठेवलात.

राजकारणाच्या लेखात, ‘मंत्रालयात त्याची क्रिशा आहे’ अशा जागी, ‘पॉलिटिकल कव्हर’ किंवा ‘पॉवरफुल बॅकर्स’.

कायद्याच्या कागदात सावध राहा. ‘क्रिशेवानिये’ ही कायद्याची संज्ञा नाही, लोकांची आणि पत्रकारांची आहे. रशियाच्या १९९६ च्या फौजदारी संहितेत लाचेच्या कलम २९० मध्ये ‘पक्रोवितेल्स्त्वो’ आहे, म्हणजे नोकरीच्या बळावर केलेली पाठराखण, आणि खंडणीचं कलम १६३ वेगळं. आरोपपत्रात ‘पक्रोवितेल्स्त्वो’ असेल तर ‘पेट्रनेज’ किंवा ‘प्रोटेक्शन’, तेही कागदभर एकच. साक्षीदार जबाबात ‘क्रिशा’ म्हणाला असेल तर त्याला ‘एक्स्टॉर्शन’ करू नका. ते गुन्ह्याचं नाव आहे, आणि गुन्हा कोणता ते न्यायालय ठरवेल, अनुवादक नाही. या बाबतीत मी जराही सवलत देणार नाही.

आता मराठीमुळे होणारी गडबड. आपण रशियन वाचतो, मनात क्षणभर मराठी उमटतं, आणि मग इंग्रजी लिहितो. ‘छप्पर’ आणि ‘संरक्षण’ एकत्र आले की मनात ‘छत्रछाया’ येते, आणि हात ‘शेल्टर’ किंवा ‘गार्डियनशिप’ लिहितो. आपल्या छत्रात माया आहे. वडील गेले की आपण छत्र हरपलं म्हणतो. ‘क्रिशा’त माया नाही, व्यवहार आहे. ‘हप्ता’ मनात आला तर तोही अर्धाच बरोबर, कारण हप्ता म्हणजे द्यायची रक्कम आणि ‘क्रिशा’ म्हणजे ती घेणारा. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘वरदहस्त’, वर्तमानपत्री अर्थाने: अमक्या अड्ड्यावर कुणाचा वरदहस्त आहे? मनात मराठी उमटणारच असेल तर हा शब्द उमटू द्या. त्यातून इंग्रजीकडे जाणारी वाट सरळ आहे.

६. श्लेष असेल तर दोन्ही अर्थ धरणारा शब्द शोधा

रशियन मथळे लिहिणाऱ्यांना हा शब्द फार आवडतो. बाजाराच्या इमारतीचं छप्पर गळतंय आणि त्याच बाजारावर हात ठेवणारा अधिकारी पकडला गेला, तर मथळा तयारच आहे. अशा जागी ‘रूफ’ ठेवलं तर दुसरा अर्थ मरतो, ‘प्रोटेक्शन’ घातलं तर पहिला.

इंग्रजीत ‘कव्हर’ हा शब्द दोन्हीकडे बऱ्यापैकी पोचतो: पावसापासून आडोसा, आणि पाठीशी असलेला आधार. ‘लेफ्ट विदाउट कव्हर’ असा मथळा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. ‘अंब्रेला’ही कधी चालतं, पण त्याला सरकारी योजनांचा वास आहे. काहीच जमलं नाही तर श्लेष त्या जागी सोडून द्या आणि दोन ओळी खाली इंग्रजीत सहज येणारी दुसरी शब्दखेळी करा. साहित्यात हे चालतं. जबाबात आणि करारात नाही. तिथे श्लेष होता एवढं तळटीपेत लिहा.

७. मूळ शब्द ठेवायचा का, ते सुरुवातीलाच ठरवा

कधीकधी ‘क्रिशा’ तसाच ठेवणं हेच योग्य. याचं ठळक उदाहरण लंडनमध्ये घडलं. रशियन उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की यांनी दुसरे उद्योगपती रोमान अब्रामोविच यांच्यावर उच्च न्यायालयात अब्जावधी डॉलरचा दावा लावला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायमूर्ती एलिझाबेथ ग्लॉस्टर यांनी बेरेझोव्स्की यांच्या विरोधात निकाल दिला. कळीचा मुद्दा असा होता, की अब्रामोविच यांनी दिलेल्या प्रचंड रकमा कशाच्या? बेरेझोव्स्की म्हणत, तेल कंपनीतल्या माझ्या मालकीच्या वाट्याच्या. अब्रामोविच म्हणत, राजकीय ‘क्रिशा’च्या. निकालपत्रात हा शब्द रोमन लिपीत, रशियनच, पुन्हा पुन्हा येतो, कारण ज्यावर वाद आहे त्याला इंग्रजी नाव देणं म्हणजे वादाचा अर्धा निकाल आधीच लावणं.

तुमच्या कामात हा प्रश्न असा विचारा: मजकूर या व्यवस्थेबद्दलच बोलतोय, की व्यवस्था ओघात आलीये? तिच्याबद्दलच असेल, शब्द वारंवार येत असेल, तर मूळ शब्द ठेवा. पहिल्यांदा आला तिथे तिरप्या अक्षरांत लिहा आणि त्याच वाक्यात एका उपवाक्याने अर्थ उलगडा: शब्दशः छप्पर, इथे पैसे घेऊन धंद्याला संरक्षण देणारा. पुढे उलगडा नको. एकदाच आला असेल तर सरळ इंग्रजी शब्द द्या. परका शब्द एकदा टाकून पुन्हा न वापरणं वाचकाला उगाच अडखळवतं.

ठेवलात तर तीन गोष्टी पहिल्या पानावरच ठरवा. एक, अनेकवचन इंग्रजी पद्धतीने ‘स’ लावून की रशियन पद्धतीने ‘क्रिशी’. मी इंग्रजी पद्धत घेते, वाचकाला अडत नाही. दोन, व्यवस्थेबद्दल बोलताना आर्टिकल नको, एका विशिष्ट माणसाबद्दल बोलताना हवं. रशियनमध्ये आर्टिकल नाही, मराठीतही नाही, म्हणून ही चूक आपल्या हातून दुप्पट होते. तीन, डोक्याच्या अर्थाला मूळ शब्द कधीही ठेवू नका. त्याच मजकुरात कुणाची ‘क्रिशा पयेखला’ असेल तर तिथे साधं इंग्रजी.

८. इंग्रजी एकटं वाचा

मूळ फाइल बंद करा आणि फक्त इंग्रजी मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. प्रत्येक ‘रूफ’ला थांबा: इथे खरंच कौलं-पत्रे आहेत का? प्रत्येक ‘प्रोटेक्शन’ला थांबा: कुणापासून संरक्षण, आणि देणारा कोण, हे वाक्यातून कळतंय का? प्रत्येक ‘शी’ खरोखर बाई आहे का? मग शोधयंत्राने मूळ फाइलमध्ये ‘क्रिश’ एवढीच अक्षरं रशियन लिपीत शोधा, म्हणजे सगळ्या विभक्ती आणि क्रियापदंही येतील. जितक्या जागा तिथे, तितक्यांचा निर्णय इंग्रजीत सापडला पाहिजे. एखादी सुटली असेल तर ती नेमकी इथे हाती लागते.

यंत्रानुवादाचा मसुदा घेऊन काम करत असाल तर ही पायरी दुप्पट काळजीने करा. डोक्याचा अर्थ यंत्राला बहुतेक जमतो, कारण वाक्प्रचार ठरलेला आहे. संरक्षणाच्या अर्थात मात्र एका परिच्छेदात ‘प्रोटेक्शन’ आणि पुढच्यात ‘रूफ’ असं होऊ शकतं, आणि दोन्ही वाक्यं सफाईदार असल्याने नजर घसरते.

९. ग्राहकाला टीप द्या, स्वतःसाठी नोंद ठेवा

कामासोबत चार-पाच ओळींची टीप पाठवा. कोणता शब्द, मजकुरात कोणकोणत्या अर्थांनी आला, कुठे काय वापरलं, आणि कुठे मूळ मजकूरच संदिग्ध आहे. शेवटची बाब लपवू नका. दोन अर्थ खरोखर शक्य असतील तर दोन्ही लिहा, तुमचा कौल कुणाकडे आणि का तेही लिहा. वकील किंवा संपादक असा कागद जपून ठेवतात, कारण प्रश्न विचारले जातात ते काही महिन्यांनी, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या कामात असता.

स्वतःच्या शब्दयादीत ‘क्रिशा = प्रोटेक्शन’ अशी एका ओळीची नोंद करू नका. अर्थ, शेजार, मजकुराची जात, साल, वापरलेला इंग्रजी शब्द आणि मूळ वाक्य, असे सहा रकाने करा. मग ‘स्त्रेल्का’, ‘राझबोर्का’ आणि ‘ओत्तेपेल’ याच तक्त्यात भरून बघा. ‘ओत्तेपेल’ने सुरुवात करा: बर्फ वितळवणारी उबदार हवा, आणि स्टालिनच्या मृत्यूनंतरचा सैलावलेला काळ. तिथे इंग्रजी ‘थॉ’ दोन्ही अर्थांना बसतो, आणि तक्ता भरायचा सराव सोप्या शब्दावर होतो.